बेगमी पावसाची, बेगमी बर्फाची

आमच्या घरात कुठं जायचं हे कधी चर्चेनं ठरत नाही. कुणीतरी तिकिटं काढून आणतं आणि मग बाकीचे भांडत बसतात. चार-पाच वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी तिकिटं काढली ती माझ्या सासूबाईंनी. चंदगडहून पहाटेची एसटी धरून त्या कोल्हापूरला आल्या, स्टेशनवरच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि दुपारी आमच्या दारात येऊन पिशवीतून तिकिटं काढून टेबलावर ठेवली. दिल्लीला जायची दोन आणि यायची तीन.

"आत्ती, येताना तिसरं कुणाचं?" मी विचारलं. आमच्या दक्षिणेकडच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात.

"सुनीचं. आणि कुणाचं?" आत्ती म्हणाल्या. "थंडीभर पोरगी हितं ऱ्हाईल. बर्फ इतळला की जाईल म्हागारी."

सुनी म्हणजे सुनंदा, माझी धाकटी नणंद. त्याच वर्षी मार्चमध्ये तिचं लग्न झालं होतं. नवरा प्रकाश इंजिनिअर, हिमाचलात किन्नौर जिल्ह्यात वीजप्रकल्पाच्या बोगद्यावर नोकरीला. प्रकल्पाच्या वसाहतीत जोडप्यांना जागा नव्हती, म्हणून दोघं वरच्या एका गावात भाड्यानं राहत होती. सुनी दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायची. गेल्या दोन-तीन फोनमध्ये तिच्या तोंडी एकच विषय होता, हिवाळ्याची तयारी. लाकडं फोडली, भाज्या वाळवल्या, बर्फ पडला की रस्ता बंद होतो, वीज जाते, फोनही जातो. हे सगळं ती सहलीचा बेत सांगावा तसं सांगत होती आणि इकडे आत्तींचा चेहरा पडत होता. सुनीला तिकीट काढल्याचं कळवलंच नव्हतं. समोर उभं राहिल्यावर पोरगी नाही म्हणणार नाही, असा आत्तींचा हिशोब होता.

माझ्या नवऱ्याला दुकान सोडता येत नव्हतं आणि मामंजी म्हशी सोडून जिल्ह्याबाहेर जात नाहीत. राहिले मी. आईला एकटीला पाठवलं तर ती दिल्लीतच कुणाशीतरी भांडण काढेल, असं नवऱ्याचं म्हणणं. मी आनंदानं रजा टाकली. खरं सांगायचं तर मला सुनीला आणायचंही नव्हतं आणि ठेवायचंही नव्हतं. मला बघायचं होतं की माणसं चार-पाच महिन्यांसाठी दार लावून घेतात म्हणजे नेमकं काय काय करतात.

कारण मी कोल्हापूर शहरातली. आमची पावसाळ्याची तयारी म्हणजे छत्रीला नवीन काडी बसवणं. आत्तींचं तसं नाही. चंदगडच्या डोंगरपट्ट्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. मे महिन्यात त्यांचं घर एखाद्या कारखान्यासारखं चालतं. जळण परड्यातून आत येतं, शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचल्या जातात, चुलीवरच्या माळ्यावर कांदे, मिरच्या, बियाणं चढतं आणि परसाकडच्या भिंतीला पाऊस अडवणारी गवताची झड बांधली जाते. जमिनीला टेकलेली प्रत्येक वस्तू नासते, हा त्या घराचा कायदा आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण या कायद्यावरून झालं.

निघताना आत्तींनी एक पोतं भरलं. त्यात नाचणीचं पीठ, घनसाळ तांदूळ, आजऱ्याचे काजू, आमसुलं, कांदा-लसणाची चटणी, एक घोंगडं, सुतळीचा गुंडा आणि मोठी घडी घातलेला प्लॅस्टिकचा कागद, जो आमच्याकडे पावसात सगळ्यावर घालतात. "पोरगीला घेऊनच यायचंय तर हे कशाला?" असं मी विचारलं. "जावय तिथंच ऱ्हाणार न्हवं?" असं उत्तर आलं.

मिरजेला गोव्याहून येणारी दिल्लीची गाडी मिळते. स्लीपरचा डबा, दीड दिवसाचा प्रवास. आम्ही दशम्या, चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू घेतले होते, त्यामुळे विकतचा फक्त चहा. तुम्ही जाणार असाल तर भुसावळची केळी तेवढी घ्या. भोपाळच्या पुढे एक फौजी आमच्या समोर बसला. त्याने पोत्यावर पाय ठेवला आणि आत्तींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पाय मांडी घालून वरच घेतले.

"माताजी, इसमें क्या है?"

"बेगमी हाय," आत्ती म्हणाल्या. त्याला काय कळलं कोण जाणे, पण उतरेपर्यंत तो पोत्याला ओलांडूनच ये-जा करत होता.

दिल्लीहून संध्याकाळी सिमल्याची साधी बस. भाडं तेव्हा दोनशेच्या आतबाहेर होतं. सिमल्यात सकाळी उतरलो तर आत्तींनी लुगड्यावर घोंगडं ओढलं आणि मॉल रोड बघायला साफ नकार दिला. "दुकानं कोल्हापुरात हायती." मग तिथूनच रामपूरची बस पकडली. नारकंड्याला थांबली तेव्हा राजमा-भात खाल्ला, गरम आणि चांगला होता, फक्त तिखट नव्हता. आत्तींनी चटणीची पुडी काढली आणि हॉटेलवाल्यालाही वाढली. तो बराच वेळ पाणी पीत होता.

रामपूरला मुक्काम करा. बसस्टँडजवळ साध्या खोल्या मिळतात, गरम पाण्याची बादली वेगळी सांगावी लागते. एका दमात वर जायचा मोह टाळा, कारण पुढचा रस्ता कड्याच्या पोटातून कोरून काढलेला आहे. वर डोक्यावर खडक, खाली सतलज, आणि समोरून दुसरी बस. खिडकीची जागा मागू नका, आणि मागितलीत तर खाली बघू नका. मी दोन्ही केलं. आत्ती मात्र शांत होत्या. तिलारीच्या घाटातून आयुष्यभर एसटीनं गेलेलं माणूस असल्या रस्त्याला दाद देत नाही.

शेवटच्या बसनं आम्हाला एका पुलापाशी सोडलं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सुनीनं तंबी दिली आहे की लोक ब्लॉग वाचून येतील आणि तिला पोहे करत बसावं लागेल. पुलापासून गाव तासाभराच्या चढावर. प्रकाशराव घ्यायला आले होते. आमचे जावई बोलत नाहीत, कामं करतात. त्यांनी पोतं पाठीवर घेतलं आणि चालायला लागले.

गाव दिसलं आणि मी थांबलेच. सगळी घरं दगड-लाकडाची, छपरं सपाट, मातीनं लिंपलेली, आणि प्रत्येक छपरावर काहीतरी वाळत पडलेलं. सफरचंदाच्या चकत्या, जर्दाळू, शलगम, कसल्याशा पाल्याचे वळेसर. झाडांच्या बेचक्यांत गवताच्या पेंढ्या अडकवलेल्या, म्हणजे गुरं खाणार नाहीत आणि बर्फाखाली जाणार नाहीत. छपरांच्या कडेनं फोडलेल्या लाकडांच्या ओळी. हिरव्या मखमली पट्टीच्या गोल टोप्या घातलेल्या बायका पाठीवरच्या टोपल्यांतून पाइनची सुकी पानं वाहत होत्या, गोठ्यात अंथरायला. सगळं गाव घाईत होतं आणि कुणीही धावत नव्हतं. आमच्या आत्तींची चाल मे महिन्यात अशीच असते, ते मला तेव्हा जाणवलं.

सुनीनं आईला दारात बघितलं आणि ती अर्धी हसली, अर्धी रडली. मग कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "आई, खरं सांग, न्यायला आलीस न्हवं?"

"बघायला आलो," आत्ती म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. "बघतो, मग ठरवतो."

"तू ठरव. मी येनार न्हाय," सुनी म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

तिचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मधल्या खोलीत पत्र्याची पेटीसारखी शेगडी, तिला तिकडे तंदूर म्हणतात, आणि तिचा पाइप छतातून बाहेर. खाली घरमालकीण राहायची. आत्तींच्याच वयाची, सगळं गाव तिला आमा म्हणायचं, म्हणजे आई. नवरा गेलेला, मुलगा सैन्यात. आमा आणि आत्ती पहिल्या संध्याकाळपासून शेगडीपाशी बसून बोलत होत्या. एक चंदगडीत, दुसरी किन्नौरी मिसळलेल्या हिंदीत. आत्तींनी काजू काढले, आमानं चिलगोजे काढले. ते पाइनच्या फळातले लांबट दाणे सोलायला फार किचकट. आत्तींनी चार सोलले, खाल्ले आणि जाहीर केलं, "चव हाय, पर कष्ट लई. काजूपरास लई." आमाला त्यातला एकही शब्द कळला नसावा, तरी तिनं जोरजोरात मान हलवली.

पुढचे दिवस मी नुसती सुनीच्या मागून फिरले आणि प्रश्न विचारले. काय शिकले ते तुमच्यासाठी सांगते. लाकूड ओंडक्यानं ठेवायचं नाही, शेगडीच्या तोंडाच्या मापानं आत्ताच फोडून ठेवायचं. थंडीत कुऱ्हाड हातात धरवत नाही. खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्र आणि खळ घालून बुजवायच्या, पण धुरासाठी एक झरोका उघडा ठेवायचा, नाहीतर झोपेतच गुदमरायला होतं. छपरावर जायची शिडी घराच्या आत घ्यायची. लाकडी फावडं दाराच्या आतल्या बाजूला ठेवायचं, बाहेर ठेवलं तर बर्फ पडल्यावर ते काढायला दुसरं फावडं लागतं. हे शेवटचं सुनीला आमानं सांगितलं होतं आणि सांगताना ती खूप हसली होती म्हणे.

आत्ती सगळं ऐकत होत्या आणि बघत होत्या. रोज रात्री अंथरुणावर पडल्या की मला म्हणायच्या, "पोरगीला काय बी म्हाईत न्हाय. माळा न्हाय घरात. माळ्याबिगर घर असतंय व्हय?" तिसरं तिकीट त्यांच्या कमरेच्या पिशवीत होतं आणि त्या मधूनमधून ते चाचपून बघत होत्या.

मग एके दिवशी सुनी आणि प्रकाशराव गॅसचं सिलिंडर आणि रॉकेल आणायला खाली बाजाराच्या गावी गेले. रात्री तिकडेच राहून दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी आत्ती घरामागे गेल्या आणि तिथून मला हाक आली. अशी हाक, की मला वाटलं साप निघाला.

घरामागे एका सपाट दगडाखाली खड्डा होता. आत गवत, गवतावर बटाटे, त्यावर माती. सुनीचे आणि प्रकाशरावांचे हिवाळाभराचे बटाटे.

"पोरगीनं बटाटं पुरल्यात!" आत्ती कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मातीत! दोन पावसात लगदा हुईल न्हवं ह्येचा!"

"आत्ती, इथं पाऊस पडत नाही म्हणे फारसा," मी म्हटलं.

"बर्फ म्हंजे काय मग? पानीच न्हवं?"

आमा शेळ्या घेऊन रानात गेलेली, विचारायला कुणी नव्हतं. आत्तींनी पदर खोचला आणि बटाटे उपसायला सुरुवात केली. सुनीच्या छपरावर फळ्यांची एक खोपी होती, गवत-पेंढा ठेवायची, चारी बाजूंनी फटी असलेली, वाऱ्याची. आत्तींच्या मते इथं माळ्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी जागा तीच होती. त्या खाली भरत होत्या, मी टोपल्या शिडीवरून वर नेत होते. अंधार पडेपर्यंत खड्डा जवळजवळ रिकामा झाला आणि आत्तींची कंबर धरली. जाता जाता त्यांनी लाकडांच्या ओळीवर प्लॅस्टिकचा कागदही सुतळीनं घट्ट बांधून टाकला. आम्ही दोघी फार समाधानानं झोपलो.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा थर होता. मला एवढं कौतुक वाटलं की मी तो उचलून त्यातून सूर्याकडे बघितलं. हे सगळं मजेत चाललेलं असताना आत्ती छपरावर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी वर गेले. त्या खोपीत उकिडव्या बसल्या होत्या. हातात बटाटा होता. त्यांनी तो फळीवर आपटला तर दगडासारखा वाजला.

दुपारी सुनी आली तोवर ऊन लागून बटाटे सुटायला लागले होते. साल काळी, बोट लावलं की आत जातंय, खाली पाण्याचं थारोळं. सुनी शिडीवरच उभी राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई," ती म्हणाली, "हे माझं चार महिन्यांचं खाणं हुतं गं."

आत्ती फळीवरचं पाणी पदरानं पुसायला लागल्या. मला त्यांची फार कणव आली, आणि सुनीचीही.

आमा आली. तिनं खोपीत डोकावलं, आत्तींकडे बघितलं, कागदात गुंडाळलेल्या लाकडांकडे बघितलं आणि छपरावर बसून हसायला लागली. डोळे पुसून पुन्हा हसली. मग म्हणाली, "आलू को ठंड लगती है, बहन. मिट्टी उसकी रजाई है." मग तिनं कामं सांगितली. जे अजून कडक आहेत ते लगेच उकडायचे, आजच खायचे. नासलेले गुरांना. लाकडांवरचा कागद काढायचा, नाहीतर आतल्या आत घाम धरून लाकूड ओलं होतं. आत्तींनी स्वतःच्या हातानं सुतळीच्या गाठी सोडल्या.

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी बटाटेच खाल्ले. चव गोडसर लागत होती. आत्तींनी जेवताना विषय काढला. "आता तर चल. खायला न्हाय, काय न्हाय. उपाशी ऱ्हाणार हायस काय?" मला वाटलं, आता सुनी हरली. प्रकाशराव ताटाकडे बघत होते.

"उद्याच्याला बघू," सुनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई आली. पाठीवरची टोपली उतरवली, बटाटे ओट्यावर ओतले, चहाही न घेता गेली. पाठोपाठ दुसरी. मग दोघीजणी. कुणी बटाटे, कुणी शलगम, एकीनं तर वाळवलेल्या पाल्याचा अख्खा वळेसर दाराच्या खुंटीला अडकवला. आमानं गावभर आत्तींची गोष्ट सांगितली होती हे उघड होतं, कारण प्रत्येक बाई आत्तींकडे बघून तोंडावर हात धरत होती.

आत्ती ओशाळल्या होत्या, पण त्यांना काहीतरी खटकत होतं. "सुनी, ह्या बायका फुकट कशा द्याल्यात? तू काय दिलंस त्यास्नी?"

"दिलं न्हाय. गेलतो की मी त्यांच्यात," सुनी म्हणाली. "ओगला म्हणून हितलं धान्य हाय, ते काढायला गेलतो. सफरचंदं उतराय महिनाभर गेलतो. हिच्या गवताला, तिच्या लाकडाला. हितं सगळं असंच चालतंय."

आत्ती बटाटे निवडत होत्या. "म्हंजे पैरा हाय म्हण की."

पैरा म्हणजे काय हे आमच्याकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. आज मी तुझ्या भातलावणीला, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, कागद नाही, पण पैरा चुकवणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी बांधावर कुणी उभं करत नाही.

"व्हय, पैराच," सुनी म्हणाली.

"आनि तुझ्याकडनं कुनाचा ऱ्हायलाय?"

सुनीनं खाली, आमाच्या दाराकडे बघितलं. "आमाचा. समदा उन्हाळा तिनं मला शिकवलंय. बर्फ पडला की छपरावरचा लगेच वढायला लागतोय, न्हायतर वज्यानं छप्पर बसतंय. तिचा ल्योक थंडीत येत न्हाय. तिचं खालचं गोठ्याचं छप्पर मी वढायचं, असं ठरलंय. समद्या गावाम्होरं ठरलंय."

आत्तींनी उरलेले बटाटे निवडून संपवले. मग उठल्या, घरामागे गेल्या आणि खड्ड्यातली माती हातानं बाहेर काढायला लागल्या. आमा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. कुठला थर कसा घालायचा ते ती दाखवत होती आणि आत्ती शाळेतल्या पोरीसारखं ऐकत होत्या. आधी गवत, मग बटाटे, वर पुन्हा गवत, मग माती, मग दगड. शेवटी आत्तींनी त्यावर आपलं घोंगडं टाकलं. आमानं मान हलवली, गरज नाही म्हणून. आत्तींनी ते तरीही काढलं नाही. त्यानंतर त्यांनी सुनीला चल म्हणून एकदाही म्हटलं नाही.

निघायच्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आमच्याकडे निघणाऱ्या बाईची ओटी घरची बाई भरते, माहेरहून निघणाऱ्या लेकीची आई भरते. आत्तींनी पोत्याच्या तळाशी खण ठेवला होता, सुनीला घेऊन निघताना दारातच ओटी भरायची म्हणून. त्यांनी खण काढला तर सुनीनं तो त्यांच्या हातातून घेतला.

"आई, घर माझं हाय. निघालीस तू. वटी मी भरणार."

आत्ती पाटावर बसल्या. सुनीनं कुंकू लावलं, आईच्या पदरात खण घातला, आईनंच आणलेले घनसाळ तांदूळ ओंजळीनं घातले. नारळ त्या गावात कुठून येणार? तिनं आमाच्या झाडाचे पाच अक्रोड घातले. आत्तींनी पदर मुठीत घट्ट धरला आणि त्या रडल्या, मोठ्यानं, आमच्याकडच्या बायका रडतात तशा. आमा दारात उभी राहून रडली. मी तर कधीच सुरू केलं होतं.

पुलापर्यंत आत्तींनी मागे वळून पाहिलं नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "आज मी लेकीच्या घरची पावणी झालो बघ."

दिल्लीहून परतीच्या गाडीत तिसरा बर्थ रिकामा होता. आत्तींनी त्यावर कुणाला बसू दिलं नाही. टीसीनं यादी बघून विचारलं, "तीसरा पॅसेंजर किधर है?"

"ती तिच्या घरात हाय," आत्ती म्हणाल्या. त्यांनी त्या बर्थवर ओटीचं गाठोडं ठेवलं होतं, तेच मिरजेपर्यंत आलं.

आता तुम्ही विचाराल, हिवाळा बघायला जावं का? जावं. दसऱ्यानंतर जा, दिवाळीच्या आत परत या, बर्फ नसेल पण बर्फाची वाट बघणारी माणसं दिसतील. लोकरीचे मोजे दोन जोड जास्त घ्या, चटणी घ्या, आणि कुणाच्या खड्ड्याला हात लावू नका.

घरी आल्यावर आत्ती चंदगडला गेल्या, पण त्या वर्षी त्यांच्या कोल्हापूरच्या फेऱ्या वाढल्या. एरवी वर्षातून दोनदा येणारी बाई अंबाबाईचं दर्शन काढून सारखी यायला लागली. देवळात जाऊन यायच्या आणि आमच्या फोनशेजारी बसायच्या. संक्रांतीला सुनीचा फोन आला, तिळगूळ घे म्हणाली, आणि मग लाइन गेली ती गेलीच. टीव्हीवर हिमाचलचा बर्फ दाखवायचे, आत्ती पडद्यावर छपरं शोधायच्या. ओटीतले तांदूळ त्यांनी रीतीप्रमाणे शिजवून खाल्ले होते, अक्रोड मात्र आमच्या देव्हाऱ्यात ठेवले होते. फोडूया का म्हटलं की म्हणायच्या, "असू दे."

महाशिवरात्रीच्या दुपारी फोन वाजला. मी उचलला, सुनीचा आवाज ऐकला आणि काही न बोलता रिसीव्हर आत्तींच्या हातात दिला. त्यांनी कशी आहेस विचारलं नाही. जेवलीस का विचारलं नाही.

"आमाचं छप्पर वढलंस?"

आवाज एवढा मोठा होता की मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "वढलं की आई. पहिलं तिचं, मग आमचं. चारदा वढलं."

"आनि खड्डा?"

"उघडला. तुझं घोंगडं गोठून फळी झालंय. बटाटा एक बी नासला न्हाय."

"बरं झालं," आत्ती म्हणाल्या. "बरं केलंस." आणि फोन ठेवून दिला. सुनीला आणखी काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

मग त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या, पाचही अक्रोड पदरात घेतले आणि पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडले. कवच सगळीकडे उडालं. गर वाटीत काढून तशाच गल्लीत निघाल्या आणि शेजारणींच्या हातावर चिमूट चिमूट ठेवायला लागल्या. कसला प्रसाद म्हणून कुणीतरी विचारलं, शिवरात्रीचा का?

"न्हाय," आत्ती म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या गावचा हाय."